छबूबाईचा अडकित्ता

छबूबाईचा अडकित्ता गावातल्या सगळ्या लग्नांना जायचा. छबूबाई एकाही लग्नाला जायची नाही. जळोचीत कुणाच्या घरी हळकुंड फोडलं की दोन-चार दिवसांत त्या घरातली एखादी सून मळ्याची वाट धरायची आणि बांधावरूनच हाक मारायची, "मामी, अडकित्ता द्या वो!" छबूबाई हात पुसत उठायची आणि फडक्यात गुंडाळलेला अडकित्ता आणून द्यायची. मुलगी कुठली, वऱ्हाड कधी निघणार, हे ती विचारायची नाही. "तुमी बी या बरं का," असं चुकूनही कुणी म्हणायचं नाही. हळद उतरली की अडकित्ता परत यायचा, कधी सोबत दोन लाडू असायचे. लाडू ती खायची. अन्नावर कसला राग, असं तिचं म्हणणं होतं.

आता नवरदेवाला अडकित्ता कशाला, असं परगावचा माणूस विचारील. तर रीत अशी, की अंगाला हळद लागली की ती उतरेपर्यंत नवरदेवाजवळ लोखंड हवं. ओल्या हळदीच्या माणसावर भुताखेतांचा डोळा असतो म्हणतात. लोखंड म्हटल्यावर कुणाला खिळा सुचत नाही. सुचते ती सुरी. टोकाला लिंबू खोचलेली सुरी मुठीत धरून, बाशिंग बांधून नवरदेव मिरवतो, आणि जन्मात कधी कोंबडं न कापलेलं पोरगंही त्या दिवशी सरदार होतं. अडचण एवढीच, की लग्न संपतं, लिंबू सुकतं आणि सुरी कंबरेला तशीच राहते. ती खोचून पोरगं बारामतीच्या बाजारात हिंडायला लागतं. त्याचं बघून त्याचा धाकटा भाऊ, धाकट्याचं बघून शेजारचा. आईबाप म्हणतात, राहू दे, पुरुषाच्या जातीला हत्यार शोभतं. शोभतं खरं. छबूबाईच्या सोपानालाही शोभलं होतं.

सन बावन्नच्या वैशाखात सोपानचं लग्न झालं. छबूबाईचा नवरा दत्तोबा पोर सात वर्षांचं असतानाच गेलेला. कालव्याच्या पाण्यावर वांगी, गवार, मेथी काढून, डोक्यावर पाटी घेऊन बारामतीच्या बाजारात बसून तिनं हे एकुलतं एक पोर वाढवलं. मुलगी निमगाव केतकीची, पानमळेवाल्या झुंबररावांची रतन. हळदीच्या दिवशी छबूबाईनं स्वतःच्या हातानं सुरी राखेनं घासून लखलखीत केली, लिंबू खोचलं आणि पोराच्या मुठीत दिली. "हातातनं सोडू नगंस, बाबा," तिनं बजावलं. आईचं ऐकणारं पोर होतं. त्यानं सोडली नाही.

अक्षता पडल्या. मग कानपिळीचा मान. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, नवरदेवानं त्याला फेटा द्यायचा आणि सगळ्यांनी हसायचं, एवढाच तो प्रकार. रतनचा थोरला भाऊ महिपती एकोणीस वर्षांचा, अंगानं दांडगा. मांडवातली पोरं ओरडली, "पिळ गड्या, भनीला नांदवायची हाय त्याला!" महिपतीनं पिळला. सोपानच्या कानात उसनी आणलेली बाळी होती, ती रुतली आणि रक्त आलं. मांडव हसतच होता. सकाळपासूनचा उपास, घामानं डोळ्यांत उतरलेली हळद, आणि चारशे माणसांचं हसू. "सोड!" म्हणत सोपाननं उजवा हात पुढं रेटला. सुरी त्याच हातात होती. टोकाला लिंबू आहे, टोचलं तर लिंबूच टोचेल, असं त्याला वाटलं. पण अक्षतांच्या गर्दीत लिंबू केव्हाच गळून पडलं होतं. महिपती मांडवातच गेला.

पुण्याच्या कोर्टात वकिलानं लिंबाची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. "सुरी कुणी दिली?" साहेबांनी विचारलं. "म्या दिली," छबूबाई म्हणाली. "कशाला?" याचं उत्तर तिला घरून निघताना येत होतं, तिथं उभी राहिल्यावर येईना. सोपानला सात वर्षांची सजा झाली. रतनची काडी पंचांनी वर्षाच्या आत मोडून दिली आणि तिला अकलूजकडं एका बिजवराशी पाट लावून पाठवलं. भावाचं मरण आणि स्वतःचं लग्न त्या पोरीनं एकाच दिवशी बघितलं, पण तिला कुणी काही विचारलं म्हणून नाही.

छबूबाई मळ्यात परतली. गावानं तिला वाळीत टाकलं नाही. वाळीत टाकायचं तर पंच बसवावे लागतात, बोलावं लागतं. तेवढी तसदी कोण घेणार? लोक नुसते तिच्या वाटेवरून बाजूला व्हायला लागले. पाण्यावर बायका हळू आवाजात बोलायच्या, ती आली की घागरी भरून निघायच्या. घरात एकटीच्या भाकरीला पीठ मळताना कितीदा तरी दोघांचं घेतलं जायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिळी भाकरी दुधाशिवाय गिळायची. तोंड उघडायला कारण नसल्यामुळं कधी कधी संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं, की आज आपण बैलाशीसुद्धा बोललो नाही.

दोन वर्षांनी शेजारच्या मळ्यातल्या सारजेच्या पोराचं लग्न निघालं. सारजा कालव्याच्या काठावर बसून राखेनं सुरी घासत होती. छबूबाईनं बांधावरून ते बघितलं. घरात जाऊन तिनं दत्तोबाची पानाची पिशवी धुंडाळली, अडकित्ता काढला आणि न बोलावता सारजेच्या दारात जाऊन उभी राहिली. आत सवाष्णींनी घर भरलेलं होतं. विधवा बाई, त्यातून ही! सारजा लगबगीनं बाहेर आली.

"आक्का, तुमी आत्ता हितं..."

"जाते. येक सांग, लोखंडच लागतं ना?"

"लोखंडच की."

"मग ह्यो घे."

"ह्यो तर अडकित्ता!"

"अडकित्ता लोखंडाचा न्हाय व्हय?"

"त्याला बी धार असतीच की, आक्का."

"असती. सुपारीचा जीव जाईल, मानसाचा न्हाय जायचा."

सारजेला हसू आलं, आणि ह्या बाईपुढं ह्या गोष्टीवर हसू नये हे ध्यानात येऊन ते अर्ध्यातच विरलं. निमगावच्या मांडवात सारजाही होती. तिनं अडकित्ता घेतला. भटजी कुरकुरले, मामा लोकांनी चेष्टा केली, "नवरदेव पान खायाला निगाला का लगीन लावाया?" पण सारजा मागं हटली नाही, आणि भूतही काही आलं नाही. पुढच्या लग्नाला दुसऱ्या घरानं अडकित्ता मागितला. मग तिसऱ्या. एकदा रीत पडली की आपल्याकडं तिला कारण लागत नाही. तीन वर्षांत जळोचीत अशी गोष्ट झाली, की छबूबाईच्या अडकित्त्याशिवाय लग्न म्हणजे जोखीम. अडकित्ता शुभ ठरला, अडकित्त्याची मालकीण मात्र होती तशीच.

लग्नाचं सुटलं, पण बाजारात हिंडणाऱ्या पोरांचं राहिलंच होतं. एक दिवस आबाजी तात्या मळ्यात आले. हा माणूस गावातला मोठा कारभारी, छबूबाईच्या दारात कधी पाय न ठेवलेला. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाल्यापासून त्यांचा थोरला कंबरेला रामपुरी लावून फिरत होता. तात्यांनी एक विहिरीत टाकली तर पोरानं दुसरी आणली. दोनदा ठोकला, तर तो ती जेवतानाही बाजूला काढीना.

"काय करावं, छबूबाई? पालथ्या घड्यावर पानी."

"तात्या, पाळीला जाताना तुमी काय नेता?"

"खोरं."

"आनी?"

तात्यांचा हात खांद्याकडं गेला. "कुऱ्हाड असती खांद्याला. नुसती आपली ऱ्हावी म्हनून."

"त्याची बी नुसती आपली ऱ्हावी म्हनूनच हाय," छबूबाई म्हणाली. "पोराच्या कंबरंला हात घालायच्या आदी आपल्या खांद्याला घाला."

तात्या रागानं उठून गेले. अक्कल शिकवणारी बाई कुणाला आवडते? पण पुढच्या पाळीला ते नुसतं खोरं घेऊन गेले, आणि त्याच्या पुढच्या पाळीलाही. पोरगं दोन पाळ्या बापाच्या रिकाम्या खांद्याकडं बघत राहिलं. दिवाळीला रामपुरी घरात फळीवर पडलेली दिसली. तात्यांनी छबूबाईला हे सांगितलं नाही, पण त्यांच्या बायकोनं इतर चार आयांना सांगितलं, आणि त्या चारजणी आडवाटेनं मळ्यात येऊन गेल्या. छबूबाई प्रत्येकीला एकच विचारायची: पोराच्या मनात भ्या कुणी घातलं? कारण सुरी मागाहून येते, भीती आधी येते, आणि ती बहुतेक वेळा घरातूनच येते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

ह्या कामानं तिचं एकटेपण कमी झालं असं मात्र समजू नका. आडवाटेनं आलेल्या बाया आडवाटेनंच जायच्या.

अठ्ठावन्नच्या माघात येरवड्याहून पत्र आलं. चांगल्या वागणुकीची माफी धरून सोपान फाल्गुनात सुटणार होता. पोस्टमननं वाचून दाखवलं आणि छबूबाईनं ते पुन्हा वाचायला लावलं. त्याच आठवड्यात बाजारात शेजारी बसणारी धनगराची बानूबाई तिच्या कानाशी लागली. तिची मेंढरं निमगावच्या शिवारात बसायला असत.

"छबे, महिपतीचा धाकला भाव भिमा सुरी लावून हिंडतोय. अठरा वर्साचं प्वार. पारावर बसून म्हनतंय, सोपान सुटू दे, मग बघतो."

छबूबाईनं वांग्यांवर पाणी मारायचा तांब्या खाली ठेवला. तिनं आजवर गावातल्या वीस-पंचवीस पोरांच्या कंबरा मोकळ्या केल्या होत्या, आणि जिथं जायला हवं होतं त्या एका घरी ती कधी गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या इंदापूरच्या एस.टी.नं ती निमगावला उतरली. पारावरच्या माणसांनी ओळखलं आणि तोंडं फिरवली. झुंबरराव पोरामागं दोन वर्षांत गेले होते. पानमळा आता त्यांची बायको, महिपतीची आई, प्रयागबाईच बघत होती. पानमळ्यात पायात घालून जात नाहीत, म्हणून छबूबाईनं वहाणा बाहेर काढल्या आणि ती छपरापाशी जाऊन उभी राहिली. प्रयागबाई पानं निवडून चळती लावत बसली होती.

"कोन हाय?"

"मी. जळोचीची छबू."

प्रयागबाईचा हात थांबला, डोकं वर आलं नाही. "सा वर्सांनी वाट घावली व्हय?"

"वाट ठावं व्हती. पाय उचलत न्हवता."

"मापी मागाया आलीस?"

"मापी मागून मिळायजोगी न्हाय. भिमाच्या कंबरंची सुरी काढा म्हनाया आलीया."

"म्हंजी तुझ्या लेकासाठनं आलीस."

"व्हय," छबूबाई म्हणाली. खोटं बोलायला ती आलीच नव्हती. "माझ्या लेकासाठनं. पर त्यो मेला तर मी येकदाच रडंन. तुमचा भिमा त्याच्यापायी फासावर गेला, तर तुमी दुसऱ्यांदा रडाल."

प्रयागबाईनं आता वर बघितलं. "ती सुरी कुनी बांधली, ठावं हाय?"

"आईबिगर कोन बांधतंय?"

प्रयागबाईनं हातातलं पान चळतीवर ठेवलं. मग प्रयागबाई हळू म्हणाली, "येक गेला तवा त्याचा हात मोकळा व्हता. दुसऱ्याला बी मोकळ्या हातानं हिंडू देऊ?"

"माझं बी असंच झालं. मी भुतासाठनं दिली व्हती. भूत कुनी बघितलं न्हाय. महिपती गेला."

ते नाव त्या घरात सहा वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. ते ह्या बाईच्या तोंडून यावं! प्रयागबाईनं पदर तोंडात कोंबला. छबूबाईही रडली. दोघी चार हातांच्या अंतरावर रडत बसल्या, आणि एकीनंही दुसरीच्या अंगावर हात ठेवला नाही.

"लिंबू व्हतं का न्हवतं?" डोळे पुसून प्रयागबाईनं विचारलं. "त्याला खरंच वाटलं व्हतं का? खरं सांग."

"ठावं न्हाय. त्यो म्हनतो, वाटलं व्हतं. मी आई हाय, मी मानलं. तुमी मानू नगा. पर सुरी मी दिली, येवढं खरं."

प्रयागबाईनं पानांची एक चळत उचलली, नीट केली, परत ठेवली. "सुरी काढते मी. पर तुझा सोपान ह्या मुलखात दिसता कामा न्हाय. बाजारात त्यो माझ्या म्होरं आला, तर मीच पुन्यांदा बांधीन. माझं मन मला ठावं हाय."

"न्हाय दिसनार. आमी दोगं बी जातो कुठंतरी."

"न्हाय. त्यानं येकल्यानं जायाचं. तू हितंच ऱ्हायाचं." प्रयागबाईच्या आवाजात राग नव्हता, हिशेब नव्हता, थकवा होता. "तुमी मायलेक कुठंतरी सुखानं भाकरी खाताय, असं भिमाच्या डोक्यात आलं की त्यो हुडकत निगंल. माझं घर जसं अर्धं हाय, तसंच तुझं बी अर्धं त्याला दिसू दे. मग त्याचं रगात निवंल."

छबूबाईनं होकाराची मान हलवली. मागणं वाजवी होतं, हेच त्यातलं वाईट.

प्रयागबाईनं भिमाला हाक मारली. ओठावर कोवळी मिशी असलेला पोरगा आला, छबूबाईला बघून जागीच ताठला. आईनं उठून त्याच्या सदऱ्याखाली हात घातला, सुरी काढली आणि पानांच्या टोपलीखाली सरकवली. "जा, बैलं सोड," एवढंच म्हणाली. पोरगा उभाच राहिला. "आन् दादाचं?" त्यानं विचारलं. "दादाचं माझ्याकडं हाय," प्रयागबाई म्हणाली. तो गेला.

फाल्गुनात छबूबाई येरवड्याच्या दरवाज्यापाशी उभी होती. सोपान बाहेर आला तो सव्वीस वर्षांचा, पण कानशिलं पांढरी झालेला. तुरुंगात तो सतरंज्या विणायला शिकला होता. त्यानं पाया पडताना तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. तिथंच सांगायला हवं होतं. तिला सांगवेना. पुण्याहून दौंडपर्यंतच्या गाडीत तो बोलतच होता. वांग्यांना कीड लागली का, कालव्याला पाणी कधी सुटतं, सारजाकाकूच्या पोराला लेकरं किती. तिनं सगळ्याचं उत्तर दिलं. शिदोरीतली भाकरी त्यानं खाल्ली आणि ती नुसती बघत बसली.

"घरी ग्येलो की आदी कालव्यात डुंबतो बघ," तो म्हणाला.

दौंड आलं. बारामतीची छोटी गाडी पलीकडच्या रुळावर उभी होती. सोपाननं गाठोडं उचललं.

"तू उतरू नगंस," छबूबाई म्हणाली.

तिनं कनवटीला लावलेलं सोलापूरचं तिकीट काढून त्याच्या हातात दिलं. तिकडं हातमागावर काम मिळतं, तिच्या भावाच्या ओळखीचा माणूस आहे, हे भराभर सांगितलं. मग निमगावचं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. सोपाननं तिकिटाकडं बघितलं.

"मग तू चल की संगं."

"मला यायाचं न्हाय."

"किती दिस?"

"ठावं न्हाय, बाबा."

तो भांडला नाही. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. मोकळा हात, बोटं पसरलेली. ती फलाटावर धावली नाही. छोट्या गाडीत एकटी बसून ती बारामतीला आली, आणि घरी जाऊन सवयीनं दोघांच्या भाकरीचं मळलं गेलेलं पीठ तिनं बैलाला घातलं.

पुढच्या बाजाराला भिमा आला. छबूबाईनं त्याला लांबूनच ओळखलं. वाऱ्यानं सदरा उडाला तेव्हा तिनं आधी त्याची कंबर बघितली; कंबरेला काही नव्हतं. तो तिच्या पाटीसमोर थांबला, वांग्यांकडं बघितलं, तिच्या उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, आणि न बोलता गेला. त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा आला. कधी महिना जायचा, पण यायचाच.

"बाने, तू जरा पल्याड बसत जा," छबूबाई एकदा बानूबाईला म्हणाली.

"का गं? माझा काय वास येतोय?"

"न्हाय. शेजारी कुनी नसावं."

बानूबाई चार हात पलीकडं सरकली. सोलापूरहून वर्षाला दोन पत्रं यायची. ती गावात कुणाकडून वाचून न घेता छबूबाई बारामतीच्या पोस्टात वाचून घ्यायची. एकोणसाठ सरत आलं, भिमाचं लग्न ठरलं, तरी त्याची फेरी चुकली नाही. गर्दीतून तो येताना दिसला की छबूबाई पाटी जरा पुढं सरकवायची आणि स्वतः एका कडेला होऊन बसायची, म्हणजे मागची रिकामी जागा त्याला नीट दिसावी.